सलीमला आणायला गेलो तेव्हा

आमच्या घरात कापूस नाही अशी जागा नव्हती. डाळीवर कापूस, पाण्याच्या माठावर कापूस, अम्माच्या भुवयांत कापूस. अंबाडीच्या भाजीत भाकरीचा तुकडा बुडवला की आधी त्यावरचा तंतू काढायचा आणि मग घास तोंडात घालायचा, ही आमची जेवायची रीत. पाहुण्यांना किळस यायची, आम्हाला नाही. अब्बा पिंजारी होते. मंठ्यात आणि आसपासच्या गावांत त्यांना बाबूभाई पिंजारी म्हणून सगळे ओळखत. हवेत गारवा आला की लोकांना गाद्यांची आठवण व्हायची, आणि मग माणसाच्या उंचीची धनुकली खांद्यावर टाकून अब्बा गावोगाव फिरत. कापूस पिंजायची ती भली मोठी कमान, तिला ताणून बांधलेली तात, आणि तातीवर मारायचा लाकडी दस्ता. टण्ण, टण्ण, आणि मध्येच एक लांबलचक तुंईं. गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला की बायका आतून जुन्या गाद्या ओढत आणायच्या. मी आणि माझा धाकटा भाऊ सलीम त्याच आवाजात वाढलो. अभ्यास त्यातच, भांडणं त्यातच, झोपही त्यातच.

पहिला ठोका मारण्याआधी धनुकलीला उजवा हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा, हे अब्बांनी आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवलं होतं. विसरलो तर पाठीत धपाटा बसायचा. खंडेनवमीला सगळं गाव आपापली अवजारं पुजायचं, तशी आमच्याकडेही धनुकली धुऊन पुसून भिंतीला टेकवली जायची. तिला झेंडूची माळ, समोर उदबत्ती, आणि अब्बा मांडी घालून बसत आणि फातेहा म्हणत. मग शेवयांची खीर. यात काही वेगळं आहे असं आम्हाला वाटलंच नव्हतं. मोठेपणी दोन प्रकारच्या लोकांनी मला सांगितलं की हे फार वेगळं आहे. एकांनी कौतुकानं सांगितलं, दुसऱ्यांनी दात खाऊन. मला दोघांचाही सारखाच संताप येतो, साठी उलटली तरी येतो.

माझ्या नातीला कुणीतरी सांगितलं की तिचे आजोबा जासूस होते. तिनं सिनेमे पाहिलेले, त्यामुळे मी गाडीवरून गाडीवर उड्या मारत असेन असं तिला वाटतं. मी आयुष्यात एक सायकल सोडून काही चालवलेलं नाही. पण ती गोष्ट तिच्या कानावर अशी जाण्यापेक्षा मीच लिहून ठेवलेली बरी. घरात आम्ही दखनी बोलायचो. शिकलो मात्र मराठी शाळेत, म्हणून घरातलं बोलणंही इथं मराठीतच येईल.

सलीम अम्माचा लाडका होता, आणि खरं सांगायचं तर माझाही. हसायला लागला की त्याला थांबवता यायचं नाही. पिंजण्यात पोट भरत नाही म्हणून तो जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळया ओढायच्या कारखान्यात लागला. तिथं लालभडक सळई चिमट्यानं धरून पुढच्याच्या हवाली करायची, दिवसभर. आठवड्याची सुट्टी मिळाली की टेम्पोत बसून घरी यायचा तेव्हा त्याच्या हातांवर डागांची नक्षी असायची आणि अम्मा त्यावर खोबरेल लावत बसायची. एकदा त्याच्या शेजारचा कामगार भाजला. मालकाकडून कुणी फिरकलं नाही. दवाखान्यात डबा घेऊन आला तो एक बाहेरगावचा माणूस, ज्याला सगळे भाईसाब म्हणत. मऊ हातांचा, मऊ आवाजाचा. हे मी मुद्दाम लिहितो, कारण सलीम मूर्ख होता म्हणून तिकडे गेला असं लोक समजतात. तो तिकडे गेला, कारण त्या दिवशी दवाखान्यात दुसरं कुणीच आलं नव्हतं. त्या कारखानदाराला याबद्दल कधी कुणी जाब विचारला नाही.

मग तो बदलत गेला. हसणं थांबलं. शेजाऱ्यांनी दिलेला तिळगूळ खायचा बंद झाला. त्या वर्षी खंडेनवमीला तो घरी होता. अब्बांनी माळ घातली, उदबत्ती लावली, आणि हा उठला आणि ती माळ ओढून तोडली. झेंडू घरभर पसरले. "हे हराम हाये अब्बा. तुमी जन्मभर पाप करून राह्यलात," म्हणाला. अब्बा खाली वाकून एकेक फूल वेचायला लागले. सलीम पिशवी उचलून निघून गेला. त्यानंतर त्याचं येणंच बंद झालं. महिनाभरानं अम्मानं माझ्यासमोर डबा ठेवला आणि म्हणाली, "तू थोरला हायेस. जा आन् त्याला घेऊन ये. त्याच्याबिगर येऊ नको." तिनं मला एवढंच काम सांगितलं होतं. पुढे ज्यांनी ज्यांनी मला देशाबिशाच्या गोष्टी सांगितल्या, त्यांनी हे लक्षात घ्यावं की मी माझ्या भावाला आणायला गेलो होतो.

निघायच्या आधी गोविंदकाकांचा निरोप आला. गोविंदकाका म्हणजे गावाबाहेरच्या मळ्यातले मोठे शेतकरी. त्यांच्या घरच्या गाद्या माझ्या आजोबांपासून आमच्याच हातच्या. माणूस प्रेमळ. दुपारचं जेवण वाढल्याशिवाय पिंजाऱ्याला सोडायचे नाहीत, आणि आमचे कप कोनाड्यात वेगळे ठेवलेले असायचे, तेही कधी विसरायचे नाहीत. मी गेलो तर ओसरीवर त्यांचा भाचा बसलेला. तो जालन्यात फौजदार होता. चहा आला, माझा कोनाड्यातल्या कपात. फौजदार म्हणाला, "तुझा भाऊ कुणाच्या नादी लागलाय, म्हायती हाये ना? त्या भाईसाबच्या खोलीत काहीतरी गोळा होऊन राह्यलंय. आमचा माणूस तिथं शिरत न्हाई. तू शिरशील."

मी म्हणालो, "साहेब, मला फक्त सलीम पायजे."

"मंग हाच रस्ता हाये. माल कुठं हाये ते सांग. तुझ्या भावाला हात लागणार न्हाई, माझा शब्द." आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तू आपल्यातलाच हायेस, रज्जाक. तुमच्या घरी खंडेनवमी करतात, मामांनी सांगितलंय मला."

गोविंदकाका मान डोलावत म्हणाले, "माझ्या ओसरीवर दिलेला शब्द हाये, लेका. बिलकुल काळजी करू नको." त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी आजही मानतो. पण 'आपल्यातलाच' हा शब्द तेव्हाच मला खुपला होता. जणू माझ्या बापाच्या त्या माळेवर माझी माणसात गणती व्हायची की नाही ते ठरणार होतं.

मी दाढी वाढवली आणि धनुकली घेऊन जालन्याला गेलो. एमआयडीसीच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. एका बाजूनं कारखान्यांची काजळी, दुसऱ्या बाजूनं बियाण्यांना लावायच्या औषधाचा उग्र वास. तिथं कोपऱ्यावर बसून मी कामगारांच्या रजया पिंजायला लागलो. सलीमनं मला पाहिलं तेव्हा आधी तो चपापला. मी म्हणालो, "तू बोलत होतास ते मला पटलं. घर सोडून आलो." खोटं बोललो, आणि चांगलं बोललो. तो इतका खूश झाला की त्याच संध्याकाळी मला भाईसाबकडे घेऊन गेला. त्याचा तो आनंदी चेहरा मला अजून त्रास देतो, पण त्याबद्दल राग माझ्यावर नाही, ज्यांनी त्याला तिथवर आणलं त्यांच्यावर आहे.

भाईसाबच्या पुढच्या खोलीत पोरांची शिकवणी चालायची, मागच्या खोलीला कुलूप. संध्याकाळी सहा-सात जण बसत. तो बोलायचा आणि आम्ही ऐकायचो. जगात कुठं कुठं काय काय जुलूम झाला ते तो सांगायचा. त्यातलं बरंच खरं होतं, आणि तीच तर त्याची लबाडी. खऱ्या जखमेवर बोट ठेवायचं आणि मग ते बोट आपल्याला हवं तिकडे वळवायचं. त्याच्या चपला सलीम उचलून ठेवायचा. त्याचं ताट सलीम धुवायचा. दिवसभर आगीसमोर उभ्या राहिलेल्या पोराकडून हा स्वतःच्या बनियनी धुऊन घ्यायचा आणि वर त्याला कुर्बानीचे धडे द्यायचा. मी मराठीत काही बोललो की तोंड वाकडं करायचा. माझी आई ज्या भाषेत भाजीवाल्याशी हुज्जत घालते त्या भाषेची मला लाज वाटावी, अशी त्याची इच्छा होती. मी मान खाली घालून 'जी भाईसाब, जी भाईसाब' करत राहिलो आणि आतल्या आत माझ्या अंगाची लाही होत राहिली.

पोलिसांना खबर द्यायची पद्धत फौजदारानं ठरवली होती, ती ऐकून नात खूप हसली. साध्या कपड्यातला एक हवालदार उशी घेऊन माझ्यापुढे यायचा. मी ती उसवायची, कापूस पिंजायचा, आणि तातीच्या आवाजात जे सांगायचं ते सांगायचं. पलीकडे उभ्या असलेल्या माणसालाही शब्द कळायचा नाही. पण बेट्यानं दर खेपेला तीच उशी आणली. त्या कापसाचं शेवटी पीठ झालं. मी म्हणालो, "हवालदारसाहेब, दुसरी आणा, लोक बघून राह्यलेत." तर म्हणे, "दुसरी बायको देत न्हाई." अशा लोकांच्या हातात मी माझ्या भावाचा जीव दिला होता.

एका दुपारी भाईसाबनं मला मागच्या खोलीत बोलावलं. तिथं सलीम होता आणि आणखी दोघं. कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेल्या जिलेटिनच्या कांड्या होत्या. त्या ओळखायला मला कुणाची गरज नव्हती. आमच्याकडे विहिरी फोडायला त्याच वापरतात, कुठल्या तरी ठेकेदाराकडून चोरल्या असतील. नवी गादी भरायची, हे सामान मधोमध कापसात जाईल, आणि गादी टेम्पोवरून मंठ्याला, असं त्यानं मला समजावलं. गाद्या पिंजाऱ्याच्या, टेम्पोत बसलेला पिंजारीच, कुणाला काय शंका येणार. "किस दिन?" मी विचारलं. म्हणाला, "बाजार के दिन." बाजाराच्या दिवशी माझी अम्मा तिथं मिरच्या घ्यायला जाते. सलीमकडे पाहिलं तर त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला. त्यालाही हे आताच कळत होतं. मला लगेच समजलं की हा माणूस माझ्यावर इतके दिवस का प्रसन्न होता. फौजदाराला पिंजारी हवा होता, यालाही पिंजारीच हवा होता. रज्जाक कुणालाच नको होता.

पळून जावं असं वाटलं, पण तोंडावर काही दिसू द्यायचं नव्हतं. मी कापूस पसरला, धनुकली लावली, आणि पहिला ठोका मारायच्या आधी माझा उजवा हात धनुकलीला लागला आणि कपाळाला गेला. इतके दिवस बाहेर कोपऱ्यावरही तो जातच असणार, कोण बघतंय. इथं चार माणसं बघत होती.

"ये क्या किया?" भाईसाबनं विचारलं.

त्यानं माझ्या हातातला दस्ता काढून घेतला आणि सलीमच्या हातात दिला. "तू पिंज. तू पक्का है." सलीम धनुकलीमागे बसला. मी त्याच्याकडे बघत होतो म्हणून मला दिसलं. त्यानं विचार केला नाही, ठरवलं नाही. ज्यानं घरी येऊन झेंडूची माळ तोडली होती, त्याच पोराचा हात सरळ धनुकलीला लागला आणि कपाळाला गेला. मग त्यालाच ते कळलं, आणि इतक्या महिन्यांनी, त्या खोलीत, त्या कांड्यांसमोर सलीमला हसू फुटलं. त्याला ते आवरेना. भाईसाबनं त्याच्या थोबाडीत मारली. आमच्या अब्बांचा धपाटा पाठीवर असायचा, तोंडावर कधीच नाही. सलीमनं दस्ता हळूच खाली ठेवला. "निकलो दोनों," भाईसाब म्हणाला, "कल बात करते हैं."

बाहेर नळावर तोंड धुताना सलीम म्हणाला, "भाई, मला घरी ने." एवढंच. ज्यासाठी आलो होतो ते काम झालं होतं. मी त्याला म्हणालो, सकाळच्या पहिल्या गाडीनं निघू. संध्याकाळी हवालदार ती उशी घेऊन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, कांड्या कुठं, माणसं कोण, बाजाराचा बेत काय. आणि दोनदा बजावलं, "पहिल्या गाडीनं मी सलीमला घेऊन जाऊन राह्यलो. तो यातून बाहेर पडलाय. साहेबांना त्यांच्या शब्दाची याद द्या." तो म्हणाला, "बराबर." लोक मला विचारतात, खबर दिल्याचा पश्चात्ताप होतो का. अजिबात नाही. बाजारात माझी आई होती, गोविंदकाकांच्या सुना होत्या, सगळं गाव होतं. पुन्हा वेळ आली तरी मी पुन्हा सांगेन.

सकाळी आम्ही मंठ्याच्या गाडीत बसलो. सलीमनं खिडकीची जागा घेतली, लहानपणी घ्यायचा तशी. पेरू घेतले होते, ते खात होता. अब्बा बोलतील का माझ्याशी, विचारत होता. मी म्हणालो, आधी दोन शिव्या देतील, मग बोलतील. जालना मागे पडायच्या आत एक जीप आडवी आली आणि गाडी थांबली. फौजदार स्वतः वर चढला. दोन शिपायांनी सलीमला दंडाला धरून उठवलं. मी उभा राहिलो, ओरडलो, "साहेब, तुमचा शब्द होता." त्यानं मला छातीवर हात ठेवून खाली बसवलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "तू बस, रज्जाक. तू आपला माणूस हायेस." सलीमनं वळून माझ्याकडे पाहिलं. खबर कुणी दिली ते त्याला समजलं होतं. तो त्यांच्याबरोबर खाली उतरला.

नंतर कळलं की खोलीत कांड्या सापडल्या, ते दोघं सापडले, पण भाईसाब आदल्या संध्याकाळीच पसार झाला होता. त्याला कुणी सावध केलं हे मला आजवर कळलेलं नाही, आणि तो कुणाला सापडलाही नाही. मोठा कट म्हणून वर कळवायचं तर दोनच माणसं पुरत नव्हती. म्हणून तिसरा गाडीतून उतरवला. फौजदाराची बढती झाली. माझा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा निरोप आला, आदर्श मुस्लिम तरुण म्हणून. निरोप घेऊन आलेल्या शिपायाला अम्मानं पाणीसुद्धा विचारलं नाही. मी गेलो नाही.

अब्बा गोविंदकाकांकडे गेले, मी बरोबर होतो. पायरीवरच उभे राहिले. म्हणाले, "मालक, बोलणं तुमच्या ओसरीवर झाल्तं." काका खाली बघत म्हणाले, "बाबूभाई, मी लै बोललो त्याला. तो म्हणतो, वरून हुकूम हाये. मी काय करू?" खरंच त्यांना काय करता येत होतं, मला माहीत नाही. कोर्टात येऊन एवढं सांगता आलं असतं की हो, माझ्यासमोर शब्द दिला होता. ते आले नाहीत. भाचा होता ना. त्या घरच्या गाद्या अब्बांनी पुन्हा भरल्या नाहीत.

माझी साक्ष बऱ्याच वर्षांनी झाली, तेव्हा मी कोर्टात खरं ते सगळं सांगितलं. सलीमनंच मला घरी ने म्हटलं, तेही सांगितलं. तारखा पडत राहिल्या. वर्षामागून वर्षं गेली. अब्बा गेले, त्यांच्या मातीला सलीमला आणू दिलं नाही. शेवटी कोर्टानं म्हटलं की याच्याविरुद्ध काही पुरावा नाही. पुरावा पहिल्या दिवशीही नव्हता. माझा भाऊ तुरुंगात गेला तेव्हा त्याला धड मिसरूड नव्हती, आला तेव्हा कानशिलं पांढरी झाली होती. इतकी वर्षं भेटीला मी जात होतो, पण जाळीच्या पलीकडून तो फक्त अम्माची चौकशी करायचा.

घरी आला त्या दिवशी अम्मानं आम्हा दोघांना एका ताटात वाढलं. मी त्याच्या उजव्या हाताला बसलो आणि काहीबाही बोलत होतो. तो उत्तर देईना. मला वाटलं, राग आहे, असायलाच हवा. मग त्यानं माझ्या मांडीला हात लावला आणि म्हणाला, "भाई, इकडून बस. त्या कानानं ऐकू येत न्हाई."

"पोलिसांनी मारलं?"

"न्हाई. खोलीतल्या त्या दोघांनी, आत गेलो त्या पहिल्याच वर्षी. खबर कुणी दिली म्हणून इचारत होते. तवा बाहेर त्यांची माणसं व्हती. तुझं नाव कळलं असतं तर घर गाठलं असतं त्यांनी."

"मंग तू काय सांगितलंस?"

त्यानं भाकरी मोडली. "सांगितलं, मीच दिली."

अम्मा चुलीपाशी होती, तिला ऐकू गेलं नाही. मी ताटावरून उठलो आणि त्याला वाट्टेल ते बोललो. तुला कुणी सांगितलं होतं, म्हणालो. मी थोरला होतो, म्हणालो. तो शांतपणे जेवत राहिला. त्या फौजदारावर माझा राग आहे, त्या मऊ हातांच्या माणसावर आहे, ओसरीवर मान खाली घालून बसलेल्या काकांवरही आहे, पण सलीमवरचा राग या सगळ्यांपेक्षा मोठा आहे आणि तो कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही. मी पुन्हा ताटावर बसलो, त्याच्या डाव्या हाताला. तेव्हापासून मी तिथंच बसतो.